२७० तोळ्यांची भाऊबंदकी

सिक्स नेशन्समध्ये जगातलं सगळ्यात चांगलं रग्बी बघायला मिळतं असं नाही, हे आधीच सांगून टाकते. विश्वचषक १९८७ पासून २०२३ पर्यंत दहा वेळा झाला. त्यातला फक्त २००३ चा इंग्लंडने जिंकला. उरलेले नऊ न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाने आपसात वाटून घेतले. तरी फेब्रुवारी लागला की माझे शनिवार बुक असतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. सहा संघ, प्रत्येकाचे पाच सामने, मार्चच्या मध्यापर्यंत सगळं आटोपतं. शेवटचा आला म्हणून कोणाला खाली ढकलत नाहीत आणि नवीन कोणाला सहजासहजी आत घेत नाहीत. (इटलीला २००० साली घेतलं, तेही बरीच वर्षं दारात ताटकळत ठेवून.) दर वर्षी तेच सहा जण, तीच मैदानं, तेच जुने डाव उट्टे काढायला.

थोडक्यात, भावकी. गावाकडे बांधावरून चाळीस वर्षं कोर्टात भांडणारी दोन घरं लग्नाच्या पंगतीत मात्र शेजारी शेजारी बसतात, जिलेबीचा आग्रह करतात आणि हात धुवायला उठल्या उठल्या पुन्हा एकमेकांची उणीदुणी काढतात. या स्पर्धेत हेच चालतं. खेळ मला आवडतोच. पण त्याहून जास्त आवडतो तो कोणी कोणाला कधी काय केलं याचा हिशेब, जो कोणीच बंद करत नाही. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलं, म्हणून असेल कदाचित.

नोकरीसाठी काही वर्षं एडिंबरात राहिले, तेव्हा हे वेड लागलं. स्कॉटलंडचे घरचे सामने मरेफील्डला होतात. सामन्याच्या दिवशी हेमार्केट स्टेशनबाहेर सकाळपासून किल्टवाल्यांची रीघ लागते. ट्राम थेट स्टेडियमपाशी सोडते, पण लोक चालत जाणं पसंत करतात, कारण वाटेवरच्या प्रत्येक पबातली निम्मी गर्दी फुटपाथवर आलेली असते. हवा अशी की नाकाचा शेंडा आपला आहे की नाही ते चाचपून बघावं. त्याच गर्दीत पांढऱ्या जर्सीतले इंग्लंडवाले बिनधास्त मिसळलेले असतात. फुटबॉलमध्ये दोन बाजूंच्या प्रेक्षकांना पोलीस बंदोबस्तात वेगळं बसवतात. इथे शत्रू तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, आणि त्याच्या हातात बियरचे दोन ग्लास असतील तर दुसरा तुमच्यासाठी असण्याची शक्यता बरीच.

आमच्या ऑफिसात बॉर्डर्सकडचा एक निवृत्तीला आलेला सहकारी होता. बॉर्डर्स म्हणजे इंग्लंडच्या सीमेला लागून असलेला स्कॉटलंडचा मुलूख. तिथल्या लहान लहान गावांत रग्बी आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटइतकं मुरलेलं आहे. त्याने मला नियम शिकवायला ऑफसाइडपासून सुरुवात केली नाही. म्हणाला, "आम्ही शेवटून दुसरे आलो तरी चालेल. इंग्लंडला हरवलं की वर्ष वसूल." मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने २००० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी स्कॉटलंड आधीचे चारही सामने हरलं होतं, पहिल्यांदाच आलेल्या इटलीकडूनसुद्धा. शेवटचा सामना मरेफील्डला, समोर इंग्लंड, आणि इंग्लंडने तोवरचे सगळे जिंकलेले. हा जिंकला की ग्रँड स्लॅम. त्या दिवशी पावसाने असं झोडपलं की चेंडू साबणासारखा निसटत होता. स्कॉटलंडने सामना १९-१३ असा जिंकला, आणि ते १९ च्या १९ गुण डंकन हॉज नावाच्या एकाच माणसाचे. स्पर्धा तरीही इंग्लंडनेच जिंकली आणि स्कॉटलंड पाचवं, म्हणजे खरोखरच शेवटून दुसरं. सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरून मात्र ते तक्त्यात कुठे होते हे कळलं नसतं.

त्याच्याही आधीची १९९० ची आठवण तर तिथे पुराणकथेसारखी सांगतात. दोन्ही संघ अपराजित, दोघांनाही ग्रँड स्लॅमची संधी. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी, इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर लादला होता, त्यामुळे मैदानाबाहेरही वातावरण तापलेलं. संघ सहसा बोगद्यातून धावत येतात. त्या दिवशी कर्णधार डेव्हिड सोलने आपले खेळाडू सावकाश चालवत आणले. स्मशानयात्रेच्या नाही, पंचांना घेऊन बांध मोजायला निघाल्याच्या चालीने. निकाल १३-७. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेली, तेव्हा पाळण्यात असलेली माणसंही मला तो सामना "पाहिल्याचं" सांगायची.

रग्बी न पाहिलेल्यांना हा सगळा नुसता धुडगूस वाटतो. एक स्क्रम जवळून बघा मग. दोन्हीकडचे आठ-आठ जण तीन रांगांत एकमेकांत अडकून उभे राहतात. पुढच्या रांगेत मधे हूकर, दोन बाजूंना दोन प्रॉप. मानेचा घेर माझ्या मांडीपेक्षा जास्त, आणि कान वर्षानुवर्षं घासून घासून चुरगळलेल्या कागदासारखे झालेले. पंच म्हणतो, "क्राउच". सोळा माणसं वाकतात. "बाइंड". प्रॉप समोरच्याची जर्सी मुठीत धरतात. मग एक क्षण काहीच होत नाही. कोणी ढकलायचं नाही, कोणी हलायचं नाही. आणि "सेट" म्हटल्याबरोबर दोन्हीकडचे साधारण नऊ-नऊशे किलो एकमेकांवर आदळतात. मरेफील्डला खालच्या रांगेत बसलं तर तो आवाज ऐकू येतो, आधी हाडांचा आणि मग आठ छात्यांतून एकदम निघालेल्या श्वासाचा. गार हवेत त्या घोळक्यातून वाफ वर येते. पंचाच्या अंगावर माइक असतो आणि त्याचं बोलणं टीव्हीवर सगळ्यांना ऐकू येतं, त्यामुळे पुढची मजा घरबसल्याही मिळते: दोन मीटर उंचीचा, भुवईतून रक्त ओघळणारा माणूस, त्याच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या पंचाला "सर" म्हणतो. वाद घालायचा तर कर्णधाराने, तोही अदबीने. आपल्या क्रिकेटमध्ये हल्ली पंचांना जे ऐकावं लागतं ते बघता मला याचं फार अप्रूप वाटतं.

नियम इतक्या निष्ठेने पाळतात याचं कारण कदाचित हे असेल की सुरुवातीची सगळ्यात मोठी भांडणं नियमांवरूनच झाली. इंग्लंड आणि स्कॉटलंड पहिल्यांदा भेटले ते १८७१ च्या मार्चमध्ये, एडिंबरातल्या रेबर्न प्लेसला; एकेका बाजूला वीस-वीस खेळाडू होते. १८८३ पासून वेल्स आणि आयर्लंडसह चौघांचे सामने दर मोसमात होऊ लागले. आणि लगेच १८८४ मध्ये ठिणगी पडली. लंडनजवळ ब्लॅकहीथला एका स्कॉटिश खेळाडूच्या हातून चेंडू मागे उडाला, तो उचलून इंग्लंडच्या गड्याने ट्राय केला, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. स्कॉटलंडचं म्हणणं असं: हाताने चेंडू मागे मारणं हा आमच्या समजुतीप्रमाणे फाउल आहे, फाउल आमच्या माणसाने केला, सबब खेळ तिथेच थांबायला हवा होता, म्हणून तुमचा ट्राय रद्द. स्वतःचाच गुन्हा पुढे करून समोरच्याचा फायदा रोखायचा, असला युक्तिवाद करणारा वकील आमच्या तालुक्याच्या कोर्टात हातोहात खपला असता. इंग्लंड म्हणालं, नियम आमचे, अर्थही आम्हीच लावणार. पुढच्या वर्षी दोघांचा सामनाच झाला नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांनी मिळून आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं. इंग्लंड रुसून बाहेर बसलं आणि १८९० मध्ये आत आलं. आज जगभरचं रग्बी चालवणारी संस्था त्याच मंडळाची वारस आहे.

फ्रान्स १९१० पासून या घरात आलं, १९३१ मध्ये हाकललं गेलं (हौशी खेळाडूंना चोरून पैसे देतात आणि फार मारामाऱ्या करतात, असे आरोप होते) आणि महायुद्धानंतर १९४७ मध्ये परत पंगतीला बसलं.

काही जखमा मात्र खेळाच्या नसतात. आयर्लंडचा रग्बी संघ अख्ख्या बेटाचा एकच आहे. डब्लिनचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड, दोन्हीकडचे खेळाडू एकाच हिरव्या जर्सीत. १९७२ मध्ये उत्तरेत रक्तपात चालू होता. जानेवारीत डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्यापाठोपाठ डब्लिनमधली ब्रिटिश वकिलात जाळली गेली. स्कॉटलंड आणि वेल्सने डब्लिनला यायला नकार दिला. आयर्लंड त्या वर्षी पॅरिस आणि लंडन दोन्हीकडे जिंकून आलं होतं. ग्रँड स्लॅमचा घास तोंडापर्यंत आला आणि स्पर्धाच अर्धवट राहिली. पुढच्या वर्षी पाळी इंग्लंडची. इंग्लंड आलं. डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर संघ मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. आयर्लंडच्या प्रेक्षकांनी, १९७३ साली, इंग्लंडसाठी! मग १८-९ ने हरवलंही त्यांना, त्यात कसूर केली नाही. संध्याकाळच्या जेवणात इंग्लंडचा कर्णधार जॉन पुलिन याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की आम्ही खेळतो बेताचंच, पण निदान येतो तरी. त्या मोसमात आणखी एक गंमत झाली. प्रत्येक संघाने घरचे दोन सामने जिंकले आणि बाहेरचे दोन हरले. पाचही संघ बरोबरीत, पाचही जण विजेते. ताळेबंद असा जुळला की ऑडिटरने चष्मा पुसून पुन्हा बघावा.

२००७ चा प्रसंग त्याहून अवघड. लॅन्सडाउन रोड पुनर्बांधणीसाठी बंद होतं म्हणून आयर्लंडचे सामने क्रोक पार्कला ठेवले. हे गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या देशी खेळांचं मैदान. परकीय खेळांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता. कारण साधं नव्हतं. नोव्हेंबर १९२० मध्ये याच मैदानावर सामना चालू असताना सरकारी फौजेने गोळीबार केला होता, चौदा माणसं गेली, त्यात एक खेळाडू. आता तिथे इंग्लंड येणार आणि त्यांचं राष्ट्रगीत वाजणार. आठवडाभर वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. राष्ट्रगीत वाजलं आणि ऐंशी हजारांच्या गर्दीतून एक शिट्टी आली नाही. ते संपल्यावर टाळ्या वाजल्या. त्यानंतर आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असं धुतलं. सभ्यपणा दाखवायचा तो गाण्यापुरता. खेळ सुरू झाल्यावर दाखवला असता तर तो अपमान झाला असता. मला हे वागणं फार पटतं.

आता आमच्या त्या सहकाऱ्याकडे परत येते, कारण मला ज्याने सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्याच्याकडूनच कळलं. इंग्लंड-स्कॉटलंडचा सामना आला की तो "कॅलकटा कप, कॅलकटा कप" करायचा. एकदा विचारलंच, अरे, यात कलकत्ता कुठून आलं? तो चमकला. म्हणाला, ते तर तू मला सांगायचं.

गोष्ट अशी. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या साहेबांनी रग्बीचा सामना केला: एकीकडे इंग्लंड, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स. पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला आणि १८७४ मध्ये लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला. पण बंगालचा उकाडा. शिवाय खेळणारी पलटण बदलून गेली, लोकांना टेनिस आणि पोलोची गोडी लागली. आणि सगळ्यात मोठं कारण, जे सगळे दबक्या आवाजात सांगतात: क्लबातला फुकटचा बार बंद झाला. सभासद आटले. खात्यात पैसे मात्र शिल्लक होते. जी. ए. जेम्स रॉथनी हा गृहस्थ एकाच वेळी कर्णधार, सचिव आणि खजिनदार होता. (तीन सह्या एकाच माणसाच्या, म्हणजे आमच्या धंद्यात लाल पेन काढायची वेळ.) डिसेंबर १८७७ मध्ये त्याने लंडनला पत्र लिहून कळवलं की उरलेल्या पैशांचा एक चषक करून देतो. त्याच्या मनात क्लबांमधली बाद फेरीची स्पर्धा होती. युनियनने ठरवलं की तो इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातच दर वर्षी फिरवायचा.

बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले आणि वितळवले. इथल्या कारागिरांनी त्याचा चषक घडवला. अर्ध्या मीटरला थोडा कमी, अंगभर बारीक नक्षी, तीन मुठी, आणि प्रत्येक मूठ म्हणजे फणा काढलेला नाग. झाकणावर हत्ती. ज्या कारागिरांनी तो ठोकून घडवला त्यांची नावं त्यावर नाहीत. दोन्ही कर्णधारांची मात्र खालच्या बैठकीवर आहेत, सामन्यागणिक.

मी वजन केलं. म्हणजे कागदावर. त्या काळचा रुपया नेमका एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. २७० रुपये म्हणजे २७० तोळे, सव्वातीन किलोला थोडी कमी. आपल्याकडे कुठल्याही सराफाला ही भाषा लगेच कळेल. एक गोष्ट मात्र अगदी अलीकडे कळली आणि मी खूश झाले: मूळ स्पर्धेला १९९३ पर्यंत स्वतःचा चषकच नव्हता. जिंकणाऱ्याला मान मिळायचा, हातात धरायला काही नाही. ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड या चौघांतल्या एकाने बाकी तिघांना हरवलं की मिळणारा मान), ग्रँड स्लॅम, हरणाऱ्याचा लाकडी चमचा, सगळं बोलण्यापुरतं. जवळजवळ एक शतकभर या साऱ्या भांडणात खरोखर हातात घ्यावी अशी जुनी वस्तू एकच होती, आणि ती भारतातल्या चांदीची. (हल्ली मात्र चषकांचा सुळसुळाट झालाय. कितीतरी जोड्यांच्या मधे एकेक चषक ठेवलेला. इतके की समालोचकही गोंधळतात.)

त्याच चांदीचे हाल कसे केले तेही ऐका. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या मेजवानीतून इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री, म्हणजे दोन शत्रू, चषक घेऊन एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर निघाले. पबामागून पब. मधल्या वाटेत चषकाचाच चेंडू झाला. सकाळी तो चेपलेला होता. रिचर्ड्स पेशाने पोलीस, जेफ्री शेतकरी. स्कॉटलंडने आपल्या माणसाला सहा महिने घरी बसवलं. इंग्लंडने आपल्याला एका सामन्यापुरतं. आमचा सहकारी या फरकावर अजून चिडलेला होता. पुढे जेफ्री स्कॉटिश रग्बीचा अध्यक्षही झाला, हे सांगताना मात्र त्याला हसू फुटायचं.

चषकाची ती तारीख माझ्या डोक्यातून जात नव्हती. डिसेंबर १८७७. त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं हे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कोणालाही सांगावं लागू नये. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. सोलापूर, नगर, सातारा, पुणे, सगळा दख्खन होरपळत होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गड्याची मजुरी सरकारने दुष्काळावर नेमलेल्या सर रिचर्ड टेंपलने ठरवून दिली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एवढ्यावर जगता येत नाही म्हणून लोकांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज केले. रुपयाला सोळा आणे. २७० रुपयांचे ४३२० आणे. कलकत्त्याच्या क्लबाने दख्खनचा दुष्काळ आणला नव्हता, आणि त्या पैशांनी तो टळलाही नसता. पण एकाच सालच्या दोन नोंदी समोरासमोरच्या पानांवर आल्या की त्यांच्यावरून नजर पुढे सरकत नाही.

सहकाऱ्याला मी हे सांगितलं. तो इंग्रजांना दोन शिव्या देऊन मोकळा झाला. मग मी त्याला विचारलं की नाताळच्या त्या सामन्यात दुसऱ्या बाजूला कोण होतं? कलकत्त्याच्या व्यापारी कचेऱ्यांत स्कॉटिश नावांची कमी नव्हती. हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांत डंडीहून आलेले मॅनेजर आणि मिस्त्री होते. बांधाच्या वादात धाकटी पाती म्हणून रडायचं आणि तिसऱ्याच्या शेतात मात्र थोरल्याबरोबर नांगर घालायचा, असं काहीसं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते खरं आहे. पण तरीही शनिवारी आपण इंग्लंडच्या विरुद्धच ना?" आपण. हो म्हणाले मी. अजूनही म्हणते. खेळात बाजू घ्यायला दर वेळी इतिहासाचं प्रमाणपत्र लागत नाही.

पुण्याला परतल्यापासून सामने रात्री बघते. भारतीय वेळेनुसार पहिला पावणेआठच्या सुमारास, दुसरा सव्वादहाच्या. आई थोडा वेळ सोबत बसते. "यांना पुढे फेकता येत नाही का गं चेंडू?" हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि खरं तर अख्खा खेळ त्यातच आहे. चेंडू हाताने फक्त मागे द्यायचा आणि स्वतः पुढे जायचं. हे पटायला तिला दोन फेब्रुवारी लागले. रग्बी म्हणजे तिच्या लेखी "बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात लोळतात तो खेळ". व्हीटीला नोकरीला असताना आझाद मैदानातून जाता-येता ती तो बघायची, छत्रीखाली दोन मिनिटं थांबून. हे तिने मला आत्ता सांगितलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघींनी लंडनच्या ट्विकनम मैदानावरचा इंग्लंड-स्कॉटलंड सामना पाहिला. इंग्लंड त्याआधी ओळीने चार वर्षं स्कॉटलंडकडून हरलं होतं, असं कितीतरी दशकांत झालं नव्हतं. या वेळीही स्कॉटलंडने तीन ट्राय केले, इंग्लंडने एक. ट्रायचे पाच गुण. पण ट्राय केल्यावर गोलखांबांमधून किक मारून आणखी दोन मिळवायचे असतात, आणि ती किक चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मारावी लागते. कोपऱ्यात टेकवला तर कोपऱ्यातून. फिन रसेल, स्कॉटलंडचा जादूगार, पहिली चुकला. दुसरी चुकला. इंग्लंड पेनल्टीमागून पेनल्टी, तीन-तीन गुण साठवत राहिलं. शेवटच्या मिनिटांत स्कॉटलंडचा डुहान व्हॅन डर मर्व कोपऱ्यात घुसला: १६-१५. आता ही एक किक गेली की सामना स्कॉटलंडचा. रसेलने चेंडू टीवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, ठेवला, गवत चाचपलं, चार पावलं मागे गेला. आई म्हणाली, "जाणार नाही." गेली नाही. तीन ट्राय करून एका ट्रायकडून एका गुणाने हरले. एडिंबराहून सहकाऱ्याचा मेसेज आला, त्यात एकच शब्द होता आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

माझ्या मते या स्पर्धेतला अलीकडचा सगळ्यात चांगला मिनिट मात्र इटलीचा आहे. २०१५ नंतर स्पर्धेतले ओळीने ३६ सामने इटली हरलं होतं. यांना काढा, जॉर्जियाला घ्या, असं उघडपणे म्हटलं जाऊ लागलं होतं. मार्च २०२२, कार्डिफ, वेल्स पुढे, घड्याळात मिनिटभर उरलेलं. आंज कापुओझो नावाच्या किडकिडीत पोराने आपल्या अर्ध्यातून चेंडू घेतला आणि एकेकाला चुकवत पळत सुटला. शेवटी आत पाडोवानीला दिला, त्याने खांबांखाली टेकवला. गार्बिसीची किक, २२-२१. सामनावीराचं पदक मात्र आधीच वेल्सच्या जॉश अ‍ॅडम्सला जाहीर झालेलं होतं. नंतर तो उठला आणि ते पदक त्याने कापुओझोला नेऊन दिलं. स्वतःच्या घरी, स्वतःचा संघ हरलेला असताना.

आणि त्या कलकत्त्याच्या क्लबाचं राहिलंच. हवा सोसत नाही म्हणून ज्यांनी खातं बंद केलं, चांदी वितळवली, पत्र लिहून निरोप घेतला, त्यांच्या शहरात १८८४ मध्ये, म्हणजे चषक पाठवल्यावर सहाएक वर्षांतच, रग्बी पुन्हा सुरू झालं. क्रिकेट क्लबाने चालू केलं. १८९० मध्ये तिथल्या क्लबांसाठी नवा चषकही काढला, आणि लोक त्यालाही कलकत्ता कपच म्हणू लागले. कलकत्त्याची हवा आहे तशीच होती. बारचं काय झालं होतं ते कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही, पण अंदाज आहे.